पाया खणण्याआधी

प्रति,
शिरूर आणि दौंड तालुक्यांत भाड्यासाठी खोल्या बांधणाऱ्या किंवा फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या सर्वांस,



खोली बघायला आलेला माणूस आधी भाडं विचारत नाही. तो मोरीत जातो आणि नळ सोडून बघतो. धार कशी आहे, पाण्याला वास आहे का, हे बघून झालं की मग विचारतो, "ताई, पाणी किती वेळ असतं?" गेली चौदा वर्षं कारेगावात आमच्या दहा खोल्यांचा हिशेब मी ठेवते. एवढ्या वर्षांत खोली बघून गेलेल्यांची मोजदाद नाही, पण भाड्याचा प्रश्न बहुतेकांनी दुसराच विचारला. खोल्या बांधणाऱ्यांच्या तोंडी मात्र पहिला प्रश्न भाड्याचा असतो. तिथेच पुष्कळांचे पैसे अडकलेले मी पाहिले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते. क्वार्टर मिळेपर्यंत सहा वर्षं आम्ही भाड्याच्या खोलीत काढली. मालकांच्या अंगणातल्या नळाला कुलूप असायचं. ते उठून किल्ली देईपर्यंत आई पहाटे हंडा घेऊन उभी राहायची. लग्न होऊन कारेगावला आले तेव्हा रांजणगावची एमआयडीसी भरात आली होती. सासऱ्यांची थोडी जमीन तिच्यात गेलेली, उरलेल्या शेताच्या कडेला पुढे आम्ही खोल्या काढल्या. भाडं देणाऱ्याची बाजू मला लहानपणापासून माहीत आहे, घेणाऱ्याची चौदा वर्षांची. दोन्हीकडून एकच गोष्ट दिसते ती आधीच सांगते. खोलीची कमाई भाड्याच्या आकड्यावर ठरत नाही. वर्षातले किती महिने ती भरलेली राहते, यावर ठरते. आणि ती भरलेली ठेवायची की सोडून जायचं, हे आत राहणारा माणूस ठरवतो.

गेल्या महिन्यात गावातला एक तरुण वही घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसला. त्याचं गणित असं होतं. जमीन घरची. स्लॅबच्या दहा खोल्या, एकेक ३ लाखांत, म्हणजे ३० लाख. त्यातले २० लाख बँकेचे, १० लाख घरचे. भाडं ४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. "काकू, सोळा टक्के सुटतात," तो म्हणाला.

मी त्याच्याच वहीत खाली लिहायला घेतलं. आमच्याकडे खोली वर्षातून सरासरी दोन महिने रिकामी राहते, ते ८०,००० गेले. घरपट्टी, मोटर, उन्हाळ्यातले टँकर, रंग, तुटलेल्या कड्या आणि नळ, मैला उपसायची गाडी यांचे ७०,००० धरले. राहिले ३,३०,०००. वीस लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला २६,४३० रुपये, वर्षाला ३,१७,१६०. हाती उरले १२,८४०, तेही अख्ख्या वर्षाचे. पोरगा गप्प झाला.

मग त्याला दुसरा हिशेब दाखवला. भाडं दोनशेने कमी धर, ३,८०० ठेव. पाणी नीट दे, मोरीला कडी बसव, दिवा लाव. माणूस टिकला आणि खोली दोनऐवजी एकच महिना रिकामी राहिली, तर ३८,००० गुणिले ११, म्हणजे ४,१८,००० जमा होतात. आधीच्या हिशेबात ४,००,००० येत होते. भाडं उतरवून १८,००० जास्त आले. शेवटी त्याला एवढंच सांगितलं, की दहा नको, आधी पाच खोल्या बांध, आणि हप्ता सगळ्या खोल्यांच्या निम्म्या भाड्यातून फिटेल एवढंच कर्ज काढ. उरलेलं निम्मं भाडं आपलं आहे असं समजायचं नाही, ते वाईट वर्षासाठी राखायचं. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे.

आता हे भाडं येतं कुठून ते बघू. रांजणगावात एलजी, व्हर्लपूल, हायर, फियाट, आयटीसी अशी मोठी नावं आहेत. सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमाच्या पट्ट्यात लहानमोठे कारखाने आहेत. आपल्या खोल्यांत राहणारी बहुतेक पोरं मात्र कंपनीच्या पटावर नसतात, ती ठेकेदाराकडे असतात. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली. फ्रिज आणि एसीची मागणी उन्हाळ्यात चढते, म्हणून त्याच्या आधी भरती होते. पावसाळा लागला की काम उतरतं, पोरांना ब्रेक मिळतो आणि आपल्या दाराला कुलूप लागतं. माझ्या वहीत दरवर्षी हेच दिसतं. म्हणून बारा महिन्यांचं भाडं गृहीत धरून कुणी कर्ज काढू नये.

एकाच गेटवर भिस्त ठेवणंही बरं नाही. फियाटच्या स्वतःच्या नावाच्या गाड्या २०१९ च्या सुमारास भारतीय बाजारातून गेल्या. रांजणगावचा कारखाना जीप आणि टाटांच्या गाड्यांवर चालू राहिला, म्हणून भोवतालच्या खोल्या वाचल्या. दर वेळी असंच होईल ही खात्री कोण देणार? आपल्या खोल्यांत एकाच कंपनीची माणसं भरलेली असतील, तर आपणही त्या कंपनीचे कंत्राटी कामगारच आहोत असं समजा.

दौंडची गोष्ट थोडी वेगळी. तिथे भाडेकरू तीन-चार तऱ्हेचे आहेत. रेल्वेची माणसं आहेत. राज्य राखीव पोलीस बलाचे गट ५ आणि ७ तिथेच आहेत, त्यांच्यापैकी बाहेर राहणारी कुटुंबं आहेत. रोज गाडीने पुण्याला जाऊन येणारे नोकरदार आहेत. शिवाय कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतले कामगार. महिन्याच्या महिन्याला पगार होणारा माणूस इथे जास्त भेटतो. तो भाडं चुकवत नाही, पण त्याला मुलांची शाळा जवळ लागते, घरात वेगळा संडास लागतो आणि थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाला दुपारी झोप लागेल अशी शांतता लागते. दौंडमध्ये दहा बारक्या खोल्या काढण्यापेक्षा स्टेशनपासून चालत जाता येईल असे दोन चांगले फ्लॅट बरे. कुरकुंभच्या बाजूला जागा घेत असाल तर बोअरचं पाणी आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तिथल्या भूजलाबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी आजच्या नाहीत. आणि भीमेच्या काठाने दौंडला, घोडनदीच्या काठाने शिरूरला जागा घेणाऱ्यांनी पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय इसार देऊ नये. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पाण्याबद्दल आमच्याच घरची चूक सांगते. खोल्या काढताना मिस्त्री म्हणाला, जागा कमी आहे, शोषखड्डा बोअरच्या अलीकडे घेऊ. अंतर होतं वीस फूट. आम्ही हो म्हटलं, कारण तिकडे आणखी एक खोली बसत होती. पहिलं वर्ष काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी गढूळ येऊ लागलं. चार नंबरच्या खोलीतलं दोन वर्षांचं लेकरू जुलाबांनी सुकून गेलं, चार दिवस दवाखान्यात सलाइनवर होतं. मी भेटायला गेले तेव्हा त्याची आई मला एक शब्द बोलली नाही. फक्त पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवली. तळाशी पिवळट गाळ बसलेला होता. त्या महिन्यात आमच्या पाच खोल्या रिकाम्या झाल्या. दवाखान्याचं बिल आम्ही भरलं, नवं बोअर घेतलं, शोषखड्डा हलवला, आणि त्या एका जादा खोलीने सात वर्षांत दिलं नसतं एवढं भाडं त्यात गेलं. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचं बोअर यांत निदान साठ फूट अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर एक खोली कमी बांधा.

आता कागदांकडे वळते. आपल्याकडे अजून गुंठ्यावर व्यवहार चालतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर चार खोल्या बसतात, म्हणून साध्या बाँडवर पैसे मोजून माणसं मोकळी होतात. १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते क्षेत्र, कमी केलं, तरी ते बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. २०२५ मध्ये शासनाने जुने तुकडे नियमित करण्याकडे पावलं टाकली, पण ती आधीच अडकलेल्यांसाठी. त्या भरवशावर आज नवा गुंठा घेऊ नका. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या सहखातेदारांच्या सह्या घ्या. बिगरशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, मोजणीचा नकाशा आणि जागेपर्यंतचा रस्ता हे चारही कागदावर बघा. दोन्ही तालुक्यांतला काही भाग पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत आहे. आपली जागा तिच्यात येते का, बांधकामाची परवानगी कुणाची लागते, हे पायाच्या आधी विचारायचं असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव लागलं की घर आपलं झालं असं पुष्कळांना वाटतं. तो घरपट्टीचा उतारा आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम अधिकृतही होत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे. जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल आणि सदनिका आठांहून जास्त असतील, तर प्रकल्पाला महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. तो संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. उद्या उड्डाणपूल येणार, रिंगरोड येणार, म्हणून दर चढा आहे असं कुणी सांगितलं तर शांतपणे विचारा, "आज याला भाडं किती येतं?" रस्ता होईल तेव्हा होईल. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो.

भाडेकराराबद्दल तर आपल्याकडे फारच गैरसमज आहेत. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, असं सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जाऊ शकतं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्च किती, तर ४,००० भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क दोनशेच्या आत येतं. एकूण भाडं आणि अनामतीवर धरलेलं दहा टक्के व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, नगरपरिषदेच्या हद्दीत १,०००. घरबसल्या ऑनलाइन होतं. त्याचा मालकालाही मोठा आधार आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कुणी खोली सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देऊन ठेवा. रक्कम घेतली की पावती द्या, ती देणं कायद्याने बंधनकारक आहे. प्राप्तिकरात भाडं लपवू नका. भरलेली घरपट्टी वजा जाऊन जे उरतं त्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळतेच, आणि विवरणपत्रात दाखवलेलं भाडं पुढचं कर्ज घेताना बँकेला दाखवता येतं.

आणि एक विनंती. भाडं थकलं म्हणून वीज तोडू नका, पाणी बंद करू नका. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ याला मनाई करतं. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. कुलूप लावलेल्या नळासमोर उभी असलेली आई मला अजून दिसते. उपमीटर लावले असतील तर महावितरणच्या बिलात जो दर येतो तोच घ्या, युनिटमागे चार रुपये वर काढू नका. कंपनीत लाइनवर काम करणाऱ्या मुली खोली बघायला येतात, त्यांना मोरीची कडी आणि रात्रीचा दिवा भाड्याइतकाच महत्त्वाचा असतो. आडनाव किंवा धर्म विचारून कुणाला परत पाठवू नका. तो माणूस आपल्या गावात मशीनवर उभा राहायला आलाय. त्याला रात्री पाठ टेकायला जागा द्यायची नसेल, तर खोल्या बांधल्या कशाला?

राहणाऱ्याला खोली परवडणं म्हणजे काय, हे सरकारलाही एकदा महागात शिकावं लागलं. १९२० च्या दशकात मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी उभारल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. खोली १६० चौरस फुटांची. शहरात गिरणी कामगारांना राहायला जागा नव्हती, तरी यांतल्या कितीतरी खोल्या पहिली काही वर्षं रिकाम्या पडून राहिल्या. भाडं कामगाराच्या पगारात बसत नव्हतं आणि वरळी तेव्हा कामापासून लांब पडत होती. वरळीच्या काही चाळींचा तर सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग म्हणून वापर झाला. गरज आहे म्हणून खोली भरत नाही. पगारात बसली आणि कामाजवळ असली तरच भरते. शंभर वर्षांनी कारेगावातही तेच चालू आहे.

शेवटी २०२० च्या टाळेबंदीची गोष्ट सांगते. मार्चमध्ये कंपन्या बंद झाल्या तेव्हा आमच्या दहा खोल्यांत तेवीस माणसं होती. भाडं मागायची आमची तारीख पाच. २९ मार्चला केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदेश काढला, की कामगारांकडे महिनाभर भाडं मागू नये. १७ एप्रिलला राज्य सरकारनेही घरमालकांना तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं. आमच्या डोक्यावर कर्ज होतं. रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवायची मुभा दिली, पण व्याज चालूच राहणार होतं. घरात दोन दिवस त्यावरून वाद झाला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आधी त्यांच्या चुली पेटतात का बघा." मग एप्रिल आणि मेचं भाडं आम्ही सोडलं आणि प्रत्येक खोलीत पीठ, तांदूळ दिले.

मे महिन्यात श्रमिक गाड्या सुरू झाल्या. सात नंबरमधलं उत्तर प्रदेशचं जोडपं निघालं तेव्हा नवऱ्याने माझ्या हातात किल्ली ठेवली. सामान सगळं आतच होतं. कुकर, दोन गाद्या, एक पंखा, बायकोचं शिवणयंत्र. "दीदी, देख लेना," एवढंच म्हणाला. आजूबाजूला काही ठिकाणी कुलपं तोडून सामान बाहेर काढलं गेलं, नवे भाडेकरू बसवायला. आम्ही सात नंबर तसाच ठेवला. आठ दिवसांतून एकदा मी दार उघडून झाडून घ्यायची, शिवणयंत्रावरची धूळ पुसायची.

दिवाळीच्या आधी तो परत आला. बायको होती, आणि गावाकडचे चार जण बरोबर होते. जूनपासूनचं भाडं द्यायला त्याने पैसे पुढे केले. मी तीन हप्ते करून दिले. बरोबरच्या चौघांनी दोन खोल्या घेतल्या, त्यांच्यामागून आणखी माणसं आली, आणि जानेवारी उजाडायच्या आत आमच्या दहाही खोल्या भरल्या. त्या गावची माणसं आजही गाडीतून उतरली की आधी आमच्याकडे विचारतात. आजूबाजूला कितीतरी खोल्या त्यानंतर वर्षभर कुलपात होत्या. आमचं कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं, ते सोळा टक्क्यांच्या गणितावर नाही. सात नंबरसारख्या माणसांनी ते फेडलं.

म्हणून एक काम सांगते. पाया खणायच्या आधी एक दिवस काढा. दुपारी तीनला फर्स्ट शिफ्ट सुटते, तेव्हा कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसा. दौंडचे असाल तर संध्याकाळी पुण्याहून येणारी गाडी स्टेशनात रिकामी होते, तेव्हा तिथे जा. दहा जणांना विचारा: पगार हातात किती पडतो, भाडं किती देता, मागची खोली का सोडली? उत्तरं वहीत लिहा. मग त्यांतल्या एकाबरोबर त्याच्या खोलीवर जा आणि मोरीतला नळ सोडून बघा. त्या नळाला जी धार येते, तिच्यापेक्षा चांगली धार तुम्ही देऊ शकत असाल, तर खुशाल बांधा.

आपली,
कारेगावची एक घरमालकीण
(ता. शिरूर, जि. पुणे)